दगडांच्या मागावर



१५ एप्रिल २०१५ या दिवशी कॅनडाची राजधानी ओटावा येथे भारताच्या पंतप्रधानांच्या उपस्थितीत एक करार जाहीर झाला. कॅमेको ही कॅनडाची युरेनियम कंपनी २०२० सालापर्यंत भारताला सुमारे ७१ लाख पौंड, म्हणजे तीन हजार टनांहून अधिक युरेनियम पुरवणार होती. कराराची किंमत सुमारे ३५ कोटी कॅनेडियन डॉलर होती. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर याच कॅनडाने भारताशी असलेले अणुसहकार्य तोडून टाकले होते. त्यानंतर चार दशकांनी तेथील युरेनियम भारताच्या अणुभट्ट्यांसाठी निघाले.

या घटनेच्या राजनैतिक बाजूवर पुष्कळ लिहिले गेले. परंतु ज्या भूमीतून हे खनिज येते ती भूमी कशी आहे, तेथे खनिजाचा शोध कोण घेते, त्यासाठी कोणाचा पैसा पणाला लागतो आणि हाती काय लागते, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात युरेनियमचे नवे साठे हुडकणाऱ्या लहान कंपन्यांची ही हकीकत आहे. ती परक्या देशाची असली तरी स्वावलंबनाचा विचार करणाऱ्या कोणत्याही समाजाने ऐकावी अशी आहे.

लहान कंपनी, मोठा जुगार

खाण व्यवसायात दोन प्रकारच्या कंपन्या असतात. पहिल्या प्रकारच्या कंपन्यांच्या हाती चालू खाणी असतात, उत्पन्न असते, हजारो कामगार असतात. दुसऱ्या प्रकारच्या कंपन्यांना त्या व्यवसायात 'ज्युनिअर' म्हणतात. यांच्यापाशी खाण नसते आणि विकायला मालही नसतो. एक लहानसे कार्यालय, चार-दोन भूवैज्ञानिक, सरकारकडून मिळवलेले शोधाचे हक्क आणि भांडवल बाजारात नोंदलेले समभाग, एवढीच यांची मालमत्ता. खर्च मात्र रोजचा. तो भागवण्यासाठी कंपनी नवे समभाग विकते. पैसा संपला की पुन्हा विकते. प्रत्येक विक्रीत जुन्या भागधारकाचा हिस्सा आणखी पातळ होतो.

कॅनडाच्या कायद्याने या व्यवस्थेला एक जोड दिली आहे. शोधकार्यावर झालेल्या खर्चाची करसवलत कंपनीला स्वतः न वापरता भागधारकाच्या पदरात टाकता येते. उत्पन्न नसलेल्या कंपनीला करसवलतीचा उपयोग नसतो, पण पगारदार किंवा व्यावसायिक नागरिकाला असतो. त्यामुळे शिक्षक, दंतवैद्य, निवृत्त कर्मचारी अशा सामान्य माणसांचा पैसा उत्तरेच्या निर्जन अरण्यात वेधन-यंत्रे चालवतो. शोधाचे धाडस कंपनी करते, परंतु जोखीम या मंडळींची असते, हे सुरुवातीलाच ध्यानी घेतले पाहिजे.

निसर्गाची तिजोरी

हा शोध जेथे चालतो ते अथाबास्का खोरे सुमारे एक लाख चौरस किलोमीटर पसरलेले आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढे. वर सरोवरे, दलदल आणि सूचिपर्णी वृक्षांचे अरण्य. खाली सुमारे पावणेदोन अब्ज वर्षांपूर्वी साचू लागलेल्या वालुकाश्माचे थर आणि त्यांच्याही खाली त्याहून कितीतरी प्राचीन असा स्फटिकमय खडक.

युरेनियमचा एक गुणधर्म या भागाच्या समृद्धीचे रहस्य सांगतो. प्राणवायूयुक्त पाण्यात ते विरघळते आणि वाहत जाते. हे पाणी ग्रॅफाइटसारख्या प्राणवायू हिरावून घेणाऱ्या द्रव्याच्या सान्निध्यात आले की विरघळलेले युरेनियम पुन्हा घनरूप होऊन तेथेच बसते. अथाबास्कामध्ये वालुकाश्मातून झिरपणारे उष्ण, खारट पाणी खालच्या जुन्या खडकातील ग्रॅफाइटयुक्त भेगांपाशी युगानुयुगे येत राहिले. जेथे नवा खडक जुन्या खडकावर टेकतो त्या सांध्याजवळ आणि त्याखालच्या भेगांत हे धातुक साचत गेले.

ते किती समृद्ध असावे? झारखंडमधील जादुगुडासारख्या खाणींत एक टन दगड फोडल्यावर एक किलोहूनही कमी युरेनियम ऑक्साइड मिळते. सस्कॅचेवानमधील सिगार लेक खाणीत एका टनातून दीडशे किलोहून अधिक मिळते. भारतातील खाणकामगार आणि अभियंते किती काटकसरीने व चिकाटीने काम करतात, हेही या तुलनेतून समजते.

मात्र समृद्ध असलेली तिजोरी सहज उघडत नाही. सिगार लेकचा साठा १९८१ मध्ये सापडला. तो सुमारे साडेचारशे मीटर खोल, जलयुक्त खडकाखाली आहे. खाणीचे बांधकाम चालू असताना ऑक्टोबर २००६ मध्ये पाणी आत घुसून खाण बुडाली, २००८ मध्ये उपसा चालू असताना पुन्हा पाणी शिरले. अखेर भोवतालची जमीन गोठवून आणि पाण्याच्या तीव्र झोताने धातुक कापण्याची पद्धत वापरून २०१४ मध्ये उत्पादन सुरू झाले. शोधापासून उत्पादनापर्यंत तेहतीस वर्षे लागली. शोध लावणारा तरुण भूवैज्ञानिक एव्हाना निवृत्तीच्या वयाला पोहोचला असेल.

हिमनदीने सांडलेली खूण

आता एका विशिष्ट शोधाकडे वळू. खोऱ्याच्या नैर्ऋत्य काठावर पॅटरसन लेक नावाचे सरोवर आहे. तेथून उत्तरेला क्लफ लेक येथे १९८० ते २००२ या काळात युरेनियमची खाण चालली, आणि तिच्याकडे जाणारा ९५५ क्रमांकाचा रस्ता याच भागातून जातो. दोन दशके युरेनियमच्या मालमोटारी या वाटेने धावल्या. त्या वाटेच्या शेजारीच दुसरा मोठा साठा निजलेला आहे, याची कोणाला कल्पना नव्हती. हा भाग वालुकाश्माच्या सीमेबाहेरचा. साठे सीमेच्या आतच असणार, असा प्रस्थापित समज होता.

फिशन एनर्जी आणि पुढे अल्फा मिनरल्स हे नाव घेतलेली कंपनी, अशा दोन लहान कंपन्यांनी येथे अर्ध्या-अर्ध्या भागीने काम सुरू केले. २००९ मध्ये विमानातून गॅमा किरणांचे सर्वेक्षण झाले. या पद्धतीची मर्यादा अशी की अर्धा-पाऊण मीटर मातीचा थरही किरणांना जवळजवळ अडवून धरतो. खोलवरचा साठा विमानातून दिसत नाही, जमिनीवर पडलेले किरणोत्सारी दगड तेवढे दिसतात. त्या सर्वेक्षणात काही ठिपके उजळले. २०११ मध्ये भूवैज्ञानिक तेथे पायी गेले, हातातील किरणमापकाचा आवाज ऐकत फिरले, खणले आणि काळे, जड दगड बाहेर काढले. त्यांतील काहींमध्ये युरेनियम ऑक्साइडचे प्रमाण तीस टक्क्यांहूनही अधिक निघाले.

हे दगड तेथले नव्हते. हिमयुगात या प्रदेशावरून सरकणाऱ्या प्रचंड हिमस्तरांनी वाटेतील खडक ओरबाडला, पुढे ढकलत नेला आणि बर्फ वितळल्यावर सांडून दिला. घरफोड्याच्या फाटक्या पोत्यातून धान्य सांडत जावे आणि त्या दाण्यांच्या रेषेवरून पाटलाने त्याचे घर गाठावे, तसाच हा माग. बर्फ कोणत्या दिशेने सरकला हे खडकावरील ओरखड्यांवरून कळते. त्या दिशेच्या उलट चालत गेले म्हणजे दगडाचे मूळ घर सापडायला हवे. याच युक्तीने १९७० च्या दशकात की लेकचा साठा सापडला होता. युक्ती जुनी होती, जागा तेवढी नवी होती.

परंतु माग काढणे सांगायला सोपे. जमिनीखाली ग्रॅफाइटच्या पट्ट्या कोठे आहेत हे विद्युत्-चुंबकीय मापनाने पाहिले गेले. सरोवराच्या पाण्यात व गाळात युरेनियमच्या क्षयातून निघणारा रेडॉन वायू तपासला गेला. मग वेधन सुरू झाले. एकामागून एक छिद्रे घेतली गेली, खडकाच्या लांब दंडगोलाकृती कांड्या पेट्यांत मांडल्या गेल्या आणि त्यांत फारसे काही नव्हते. प्रत्येक रिकामी पेटी म्हणजे भागधारकांच्या पैशातील एक घास कमी. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाविसाव्या क्रमांकाच्या छिद्राने अखेर धातुक गाठले. भूपृष्ठापासून सुमारे पन्नास मीटरवरच साठ्याचा माथा होता. पुढल्या हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावर यंत्रे उभी राहिली, कारण या प्रदेशात उन्हाळ्यातील पाणी आणि दलदल अडवते, तर उणे तीस अंशांची थंडी वाट मोकळी करते. साठा सरोवराच्या तळाखाली लांबवर पसरलेला आढळला. त्याला पुढे 'ट्रिपल आर' हे नाव मिळाले. अकरा कोटी पौंडांहून अधिक युरेनियम ऑक्साइड त्यात असल्याचे आज मानले जाते.

एकाने वाट दाखवली की दुसऱ्याला चालणे सोपे होते. शेजारच्याच क्षेत्रात नेक्सजेन या दुसऱ्या लहान कंपनीला फेब्रुवारी २०१४ मध्ये 'ॲरो' हा त्याहूनही मोठा साठा सापडला. वालुकाश्माच्या सीमेबद्दलचा जुना समज दोन वर्षांत पुसला गेला. ज्ञानाच्या क्षेत्रात प्रस्थापित समजाला सर्वांत मोठी भीती असते ती नम्रपणे प्रत्यक्ष जाऊन पाहणाऱ्या माणसाची.

भावाची भरती-ओहोटी

येथवरची कथा यशाची झाली. आता तिची दुसरी बाजू. युरेनियमचा भाव २००० च्या सुमारास एका पौंडाला सात डॉलर होता. जून २००७ मध्ये तो १३६ डॉलरवर गेला. त्या लाटेत जगभर शेकडो लहान कंपन्या निर्माण झाल्या. कालपर्यंत सोने किंवा हिरे शोधणाऱ्यांनी नावात 'युरेनियम' हा शब्द घातला आणि समभाग विकले. त्यांतील बहुतेकांपाशी नकाशावरच्या चौकोनापलीकडे काहीही नव्हते. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमाची दुर्घटना घडली, अणुभट्ट्या बंद पडल्या, आणि २०१६ च्या अखेरीस भाव वीस डॉलरच्याही खाली उतरला. जगातील सर्वांत समृद्ध खाणींपैकी एक असलेली मॅकआर्थर रिव्हर खाण २०१८ मध्ये बंद ठेवावी लागली आणि २०२२ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये भावाने पुन्हा शंभर डॉलर ओलांडले.

या लाटांत भले भले फसतात. हेथर एक्स्प्लोरेशन या लहान कंपनीला २००८ मध्ये रफरायडर हा साठा सापडला. २०११ मध्ये तो मिळवण्यासाठी कॅमेको आणि रिओ टिंटो या दोन बलाढ्य कंपन्यांत चुरस लागली आणि रिओ टिंटोने सुमारे ६५ कोटी कॅनेडियन डॉलर मोजून कंपनी विकत घेतली. २०२२ मध्ये तोच साठा रिओ टिंटोने १५ कोटी अमेरिकन डॉलरला विकून टाकला. दगड तेच आणि तेथेच होते. बदलला होता फक्त माणसांचा अंदाज. ज्यांच्या पदरी अर्थतज्ज्ञांच्या फौजा असतात त्यांची ही गत, तर एका कुटुंबाच्या बचतीची काय कथा?

शब्द आणि पुरावा

चुकीच्या अंदाजाहून वाईट असतो तो खोटेपणा. १९९७ मध्ये कॅनडाच्या ब्रे-एक्स या कंपनीचा प्रकार उघडकीस आला. ती कंपनी सोन्याची, तिचे क्षेत्र इंडोनेशियात होते. वेधनातून निघालेल्या नमुन्यांत बाहेरून सोने मिसळण्यात आले होते. बाजारात काही अब्ज डॉलर मोल असलेली कंपनी काही आठवड्यांत कवडीमोल झाली. तिच्यात सामान्य माणसांचा पैसा होता, तसाच निवृत्तिवेतन निधींचाही होता. ज्यांनी कधी इंडोनेशियाचा नकाशाही पाहिला नव्हता अशा शिक्षकांच्या वृद्धापकाळाची पुंजी त्यात पोळली.

त्यातून धडा घेऊन २००१ मध्ये कॅनडात नवे नियम आले. खनिजसाठ्याबद्दलचे प्रत्येक विधान पात्रताप्राप्त तज्ज्ञाच्या जबाबदारीवरच करता येते. 'असावा', 'बहुधा आहे' आणि 'खात्रीने आहे' या तीन अवस्थांसाठी वेगवेगळे शब्द ठरवून दिलेले आहेत आणि ते एकमेकांत मिसळता येत नाहीत. ही शब्दांची शिस्त भूविज्ञानापुरती ठेवण्याचे कारण नाही. 'पी हळद आणि हो गोरी' अशी आश्वासने घेऊन येणारा प्रत्येक प्रस्ताव, मग तो खाणीचा असो, जमिनीचा असो वा ठेवीचा, याच तीन पायऱ्यांवर उभा करून तपासला पाहिजे. घराघरांतून ही सवय लागली तर कित्येक संसार वाचतील.

ज्यांची भूमी, त्यांचे काय?

पॅटरसन लेकचा प्रदेश निर्मनुष्य दिसतो, पण मालकाविना नाही. डेने आणि मेटी समाजांच्या कित्येक पिढ्यांनी येथे मासेमारी व शिकार केली आहे. त्यांच्या स्मृतीत युरेनियमचा पहिला अध्याय सुखाचा नाही. अथाबास्का सरोवराच्या काठी १९५० च्या दशकात उघडलेली गनर खाण १९६० च्या दशकात बंद झाली. कंपनी निघून गेली आणि लक्षावधी टन किरणोत्सारी चुरा उघड्यावर राहिला. त्याची साफसफाई अर्ध्या शतकानंतर सरकारी तिजोरीतून करावी लागली, आणि खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट झाला. जवळच वसलेले युरेनियम सिटी हे गाव १९८२ मध्ये तेथील मोठी खाण बंद होताच ओस पडले. अडीच हजारांच्या आसपास वस्ती होती, तेथे आज शंभर माणसेही नाहीत.

त्यामुळे आज तेथील माणसे प्रश्न विचारतात, आणि त्यांना तो अधिकार आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हैदा समाजाच्या खटल्यात स्पष्ट केले की मूळ निवासी समाजांशी विचारविनिमय करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. खाण बंद झाल्यानंतरच्या स्वच्छतेसाठी कंपनीने आधीच आर्थिक हमी द्यावी लागते. दुसऱ्या बाजूने हेही खरे की उत्तर सस्कॅचेवानमधील खाणींत मूळ निवासी समाजांतील माणसे मोठ्या संख्येने काम करतात, आणि तेथे रोजगाराची दुसरी साधने थोडी आहेत. भूमीचे मोल आणि भाकरीचे मोल हे दोन्ही त्यांना ठाऊक आहे. दोहोंपैकी एकच खरे मानणारा कोणीही त्यांचा प्रतिनिधी होऊ शकत नाही. जादुगुडाच्या परिसरातील आपल्या बांधवांविषयी बोलतानाही हे स्मरणात असावे.

आपल्यासाठी बोध

भारताने हा मार्ग वेगळ्या रीतीने चालला. स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांच्या आत, २९ जुलै १९४९ रोजी, दुर्मीळ खनिजांच्या सर्वेक्षणासाठी एक लहान पथक स्थापन झाले. त्याच्या पाठीशी डॉ. दा. नो. वाडिया यांच्यासारखे थोर भूवैज्ञानिक होते. आजचे परमाणू खनिज संचालनालय हे त्याच पथकाचे विकसित रूप. १९५१ मध्ये या भूवैज्ञानिकांनी सिंहभूमच्या जंगलात जादुगुडाचा साठा शोधला. त्यांच्या कामामागे भांडवल बाजार नव्हता, भाव वाढला म्हणून लगबग नव्हती आणि पडला म्हणून कार्यालयाला टाळेही लागत नव्हते. १९६७ मध्ये युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडियाची स्थापना झाली.

या सातत्याचे मोल १९७४ नंतर कळले. राजस्थानातील रावतभाटा येथील दुसरी अणुभट्टी कॅनडाच्या साहाय्याने उभी राहत होती. ते साहाय्य मध्येच थांबले. आपल्या अभियंत्यांनी ती स्वबळावर पूर्ण केली आणि १९८१ मध्ये ती चालू झाली. महाराष्ट्रातील तारापूर येथे २००५ आणि २००६ मध्ये सुरू झालेल्या प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या ही त्याच परंपरेची फळे.

पण आत्मपरीक्षणाशिवाय अभिमान अपुरा असतो. भट्ट्या उभ्या राहिल्या, परंतु इंधन त्या वेगाने निघाले नाही. २००७-०८ च्या सुमारास युरेनियमच्या तुटवड्यामुळे देशातील भट्ट्या निम्म्या क्षमतेच्या आसपास चालवाव्या लागल्या. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने निर्बंध सैल केल्यावर आयातीचा मार्ग खुला झाला. २०१० मध्ये कॅनडाशी करार झाला आणि मग २०१५ चा पुरवठा. ज्या वस्तूवाचून आपला गाडा अडतो ती परक्याच्या इच्छेवर अवलंबून ठेवणे किती महाग पडते, हे आपण दोनदा अनुभवले आहे. म्हणून आयात करतानाही आपल्या भूमीतील शोध मंदावता कामा नये.

कॅनडाच्या लहान कंपन्यांकडून घ्यावी ती चपळाई, प्रस्थापित समजाला प्रश्न विचारण्याचे धैर्य आणि पुराव्याची शिस्त. टाळावी ती भावाच्या लाटेवर नाचणारी हाव. आपल्या संस्थांकडून घ्यावे ते सातत्य, आणि टाळावे ते सातत्याच्या आडून येणारे शैथिल्य.

पॅटरसन लेकच्या कथेचा शेवट या सर्वांवर प्रकाश टाकतो. दगड सापडले २०११ मध्ये, साठा २०१२ मध्ये. २०१३ मध्ये दोन भागीदारांची एक कंपनी झाली. २०१६ मध्ये चीनच्या कंपनीने तिचा जवळजवळ पाचवा हिस्सा घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये पॅलाडिन या ऑस्ट्रेलियन कंपनीने ती अब्जाहून अधिक कॅनेडियन डॉलरच्या मोबदल्यात आपल्यात सामावून घेतली. या बारा वर्षांत मालक बदलले, भाव कोसळला आणि सावरला. खाणीतून मात्र तोवर एक पौंडही युरेनियम निघाले नव्हते.

खनिज जमिनीत कोट्यवधी वर्षे थांबते. त्याला घाई नसते. घाई असते ती माणसाला. ज्या समाजाला दहा-वीस वर्षांपलीकडचे पाहून आज पहिले छिद्र घेता येते, आणि रिकामी पेटी पाहूनही दुसरे छिद्र घेण्याचा धीर धरता येतो, त्याच समाजाच्या घरातला दिवा दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. आपल्या घरांतील एखाद्या मुलाने वा मुलीने भूविज्ञान शिकायचे म्हटले तर 'त्यात काय मिळणार?' असे विचारण्यापूर्वी अथाबास्काच्या बर्फात दगडांचा माग काढत फिरणाऱ्या आणि सिंहभूमच्या जंगलात पायी हिंडलेल्या त्या माणसांची आठवण ठेवावी, एवढीच विनंती.